पुलावरची गाडी

"जरा पुढे घ्या की हो! मागच्याला जागा नको?" मी ओरडले. आमच्या यांनी, शेषगिरींनी, गाडी दोन वीत पुढे घेतली, हँडब्रेक ओढला आणि शांतपणे काच खाली केली.

आमच्या वेलचेरीच्या उड्डाणपुलावर भर दुपारी गाड्यांची रांग लागली होती. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की आमच्याकडे लोक आधी दूध आणून ठेवतात, मग गाडी पुलावर आणून लावतात. खाली पाणी भरतं. एका वर्षी आमची गाडी छपरापर्यंत बुडाली होती. तेव्हापासून आमचे हे सगळ्यांच्या आधी पुलावर! बहुतेक वेळा पाऊस येतच नाही आणि शेजारीपाजारी हसतात. यांना त्याचं काही नाही. "आला नाही, बरंच झालं," म्हणतात आणि गाडी परत खाली नेतात. जन्मभर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, सामान संपायच्या आत मागवून ठेवायची सवय.

आणि हाच माणूस आठवडाभर ऑपरेशनला नको म्हणत होता! पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला आहे. फुटेल का, कधी फुटेल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फुटला तर हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलेलं. ऑपरेशन केलं तर शंभरातले नव्वद उठून घरी जातात म्हणे. "उरलेल्या दहांचं काय?" यांनी विचारलं. डॉक्टर समोरचे कागद चाळायला लागले.

वारा पडला होता. ढग अगदी खाली आले होते आणि त्या राखाडी उजेडात खालच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, रेल्वे स्टेशन सगळं तरंगत असल्यासारखं वाटत होतं. पुढच्या गाडीत एक बाई लेकराला दहीभात भरवत होती. मला पेंग येत होती. वाटलं, असंच वर बसून राहावं दोघांनी, खालून कुणी हाकच मारू नये.

पण माझं तोंड गप्प बसेल तर ना!

"येईल न येईल त्या पावसासाठी गाडी उचलून पुलावर. आणि स्वतःला मात्र खालीच ठेवायचं? त्या पत्र्याएवढीही किंमत नाही का तुमची?"

"गाडी परत नेता येते, कृष्णवेणी," ते म्हणाले. "त्या टेबलावरून परत नाही आलो तर?"

"आणि फुटला तर?"

"फुटेलच असं कोण म्हणतंय?"

"नाहीच फुटणार असं तरी कोण म्हणतंय?"

दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता मी कधी रडायला लागले, कळलंच नाही. "मला तुम्ही हवे आहात," मी म्हटलं. "बाकी मला काही कळत नाही."

त्यांनी आपला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मी हो म्हटलं आणि उठलोच नाही, तर?"

"मी मागे लागले म्हणून झालं, असं वाटत राहील मरेपर्यंत."

"आणि नाही म्हटलं, मग फुटला तर?"

"नेटाने मागे लागले नाही म्हणून."

"अय्यो! दोन्हीकडून तूच दोषी?"

एवढ्यात ऊन पडलं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा नाशिकचा यश काचेशी वाकून हसला. "काका, पाऊस गेला आंध्रात. चला, काढा गाडी!"

"तू हो पुढे," ते म्हणाले आणि खिशातून फोन काढून बंगळुरूला आमच्या लेकीला, नित्याला लावला. स्पीकर चालू केला.

"नित्या, ऑपरेशन करायचं ठरवलंय मी. तुझी अम्मा नकोच म्हणते. आठवडाभर अडवून धरलंय तिने. पण मी तिचं ऐकणार नाही."

मी त्यांची बाही ओढली. "अहो, हे काय भलतंच..."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि फोन छातीशी दाबून हळूच म्हणाले, "उद्या काही झालं तर तुला कुणी बोलायला नको."

"अम्मा!" नित्या रडकुंडीला आली होती. "अप्पा हो म्हणतायत आणि तू का अडवतेस?"

मी फोन घेतला. "भीती वाटते गं," मी म्हटलं.

मग नित्या मला किती तरी वेळ रागावत होती. मी सगळं ऐकून घेतलं. यांनी तोवर माझा हात सोडला नाही.