चंद्रकलाबाईचा प्रॉम्प्टर

दिघोरीच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी सकाळी ताराचंद प्रॉम्प्टरनं चहा मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "ओरडणं बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल." पण झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरला गप्प बसायला सांगणं म्हणजे बैलाला नांगरणीच्या दिवसात सुट्टी देणं. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसायचं, वही उघडायची आणि नटांच्या पुढं एक वाक्य धावायचं. आमच्याकडं तालमी कमी, प्रयोग फार. प्रॉम्प्टर थांबला की राजा मुका.

आणि आज तर चंद्रकलाबाई होती. पंचवीस वर्षं झाडीपट्टी गाजवलेली नटी. मागच्या वर्षी टीव्हीच्या मालिकेत सासू झाली तेव्हा तुमसरपासून लाखांदूरपर्यंत तिचे बॅनर लागले होते. वीस दिवसांत मालिकावाल्यांनी तिला परत पाठवलं. दिग्दर्शकानं मागून हाक मारली तरी बाई वळून बघत नव्हती म्हणे. भारी घमेंड! लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

कंपनीचा मालक भूपेंद्र. त्यानं एका आजारी नटीच्या जागी तिला दोन दिवसांपूर्वी घेतलं होतं आणि तोंडावर सांगितलं होतं, "बाई, दिघोरीचा खेळ पडला तं तुमचा सिझन खतम." बाकीच्यांची वाक्यं वीस प्रयोगांत पाठ झाली होती. नवी फक्त चंद्रकलाबाई, आणि तिची सगळी भिस्त ताराचंदवर.

ताराचंदनं सांगायला हवं होतं. पण गडी दिवसभर मफलर गुंडाळून, घसा जपतोय अशा खुणा करत फिरला. त्याला वाटलं, पडदा उघडला की आवाज येईल. वेडी आशा!

पडदा उघडला. बाई पुढं आली आणि नेहमीसारखी त्याच्या तोंडाकडं टक लावून उभी राहिली. वेगवेगळ्या कंपन्यांत दोघांनी बरोबर खेळ केले होते; आठ वर्षांपासून ती अशीच बघायची, आणि त्याला वाटायचं, आवाज पोचत नाही. मग तो आणखी ओरडायचा, साउंडबॉक्सच्याही वर ओरडायचा. आज ओठ हलले, आवाज नाही. ताराचंदला वाटलं, बुडवलं आपण बाईला!

आणि बाई बोलली. वहीतला शब्दन् शब्द. मग पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. तीन अंक हा नुसते ओठ हलवत राहिला आणि ती बोलत राहिली. शेवटच्या प्रवेशाला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भूपेंद्रनं विंगेतूनच हात जोडले.

पाठ केलं असेल, अशी ताराचंदनं मनाची समजूत घातली आणि तो मेकअपच्या खोलीत गेला. त्याला पाहून बाई उठली. "भाऊ, आज तुमचा आवाज काय खणखणीत होता जी! तुमच्याबिगर माहा एक शब्द निंगला नसता."

खणखणीत? कोणता आवाज? थट्टा करते का ही? पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पाठमोरी बसून पेटीत दागिने ठेवू लागली. कोपऱ्यात नाटकाची पितळी घंटा होती. त्यानं ती उचलली आणि तिच्या डोक्यामागं जीव खाऊन बडवली. बाहेर कोणीतरी दचकून ओरडलं. बाई मात्र शांतपणे बांगड्या काढत होती.

अरे देवा!

दागिने ठेवून बाई वळली. घंटा तिला दिसली, त्याचा पांढराफटक चेहरा दिसला. तिनं उठून दार लावलं.

"आठ वर्सं झाले," ती म्हणाली. "साउंडबॉक्स कानापाशी वाजून वाजून कान गेले. मी तुमचे ओठ वाचते, भाऊ. कोनाले सांगू नका. पोटाचा सवाल आहे."

ताराचंदचे ओठ हलले. "माहाही आवाज गेला. आज एक शब्द निंगला नाही."

बाईनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "काय सांगता! काहून गेला, भाऊ? काहून?"

आठ वर्षं! एकदा सांगितलं असतं तर तो साधा पुटपुटला असता, गळा वाचला असता. राग उसळला. त्यानं बाईकडं पाठ फिरवली आणि जे बोलायचं होतं ते सगळं भिंतीकडं बघून नुसत्या ओठांनी बोलला. मग वळला, तिला नीट दिसावं म्हणून तोंड उजेडात धरलं आणि सावकाश म्हणाला, "थंडीनं."