कुईचं काळं फुप्फुस

अँडीजच्या उतारावरच्या सेंकापाता गावच्या चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्पीकरवर मंत्र घुमत होते, परदेशी पाहुणे मोबाईल उंचावून उभे होते, आणि मधोमध पिसांचा मुकुट घातलेले एलिओदोरोबाबा रोग्याच्या अंगावरून कुई फिरवत होते. कुई म्हणजे घरोघरी चुलीपाशी पाळतात तो गुबगुबीत गिनीपिग. फिरवता फिरवता ती मुठीतच मरायची. पोट फाडलं की आत काळं फुप्फुस.

"बघा, रोग हिने ओढून घेतला. आता दवाखान्याची पायरी चढायची नाही."

या शेवटच्या वाक्यानेच रांगेत उभ्या यानेतचं डोकं तापलं. तिच्या तान्ह्या इल्यारीची छाती पहाटेपासून भात्यासारखी चालत होती. खालच्या गावात नर्स होती, पण सासूबाईंचा हुकूम होता, आधी बाबा.

"कॉलेजात गेलीस म्हणून पूर्वजांची विद्या खोटी का गं?"

"माझी आजीही कुई फिरवायची, आई. पण लेकराला धाप लागली की तीच म्हणायची, ऊठ, दवाखाना गाठ."

नंबर आला. यानेतने पाठीवरचं शालीचं गाठोडं पुढे धरलं. "लेकीला धाप लागलीय. शाल उघडू नका बाबा, वारा लागेल." तिची नजर सारखी खालच्या रस्त्याकडे जात होती.

"टोकियोपर्यंत पोचलीय माझी विद्या, पोरी. काळजी सोड."

कुई शालीवरून फिरली. सगळे थरथरत्या मुकुटाकडे बघत होते, यानेत बाबांच्या अंगठ्याकडे. तो कुईच्या बरगड्यांखाली रुतला. कुई निपचित पडली, पोट फाटलं.

"हे काळं फुप्फुस. लेकीचा न्यूमोनिया निघाला. तासाभरात खेळायला लागेल."

यानेतने गाठ सोडली. पायऱ्यांवरून बटाटे गडगडत गेले.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "पोर कुठंय?"

"माझ्या बहिणीनं नर्सकडे नेलीय. एव्हाना पोचली असेल."

"बटाट्यालाही नजर लागते," बाबा पुटपुटले.

"मग त्यांनाही दवाखान्यात न्यायचं नाही का?" गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, आणि चौक हसला.

यानेत हसली नाही. तिने मेलेली कुई उचलली. "हा अंगठ्याचा वण बघा. श्वास कोंडला की फुप्फुस काळंनिळं पडतं. आजीची विद्या पाहुण्यांना विकलीत ते विकलीत, बाबा. आमच्या पोरांचा श्वास कोंडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

सासूबाईंनी पायरीवरची शाल उचलून झटकली. "चल. पोरीला थंडी वाजत असेल."

पूर्वजांचा मान ठेवायचा, तर डोळे उघडे ठेवून. मुकुट हलायला लागला की अंगठ्याकडे बघा. आणि लेकराला धाप लागली तर आधी दवाखाना. वाद मग घाला.