खेळातला सायमन

घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल पैशाला पासरी. पण खोड सांगून गाय विकणारा एकच, सायमन. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच हा जनावराचा दोष सांगून मोकळा. बाकीचे दलाल त्याला येडा म्हणायचे, तरी दर शुक्रवारी लोक आधी त्याच्याच दावणीला यायचे. तीस वर्षांत त्यानं कमावलं ते एवढं नाव.

त्याची लेक एंजेला पुण्यात व्हिडिओ गेम बनवते. तिच्या कंपनीनं गुरांच्या बाजाराचा खेळ काढला. त्यातला दलाल म्हणे माणसाचं बघून शिकणार आणि डावागणिक हुशार होणार. त्याला शिकवायला तिनं बापालाच बसवलं. सायमन पंधरा दिवस मोबाईलवर गाई विकत होता. आवाज त्याचा घेतला, नावही त्याचंच दिलं. गडी असा फुगला, की चर्चमध्ये पास्टरांनाही सांगून आला.

खेळ तयार झाल्यावर एंजेला तो घेऊन घरी आली. आता सायमन गिऱ्हाईक झाला. पडद्यावरचा सायमन त्याच्याच आवाजात म्हणाला, गाय जरा लाथा झाडती, आदीच सांगतो, मागून बोल लावू नका. सायमन हरखला, गाय घेतली. खेळातल्या गोठ्यात धार काढायला बसतो तर दोन सड बंद! दुसऱ्या डावात गाय जरा बुजरी म्हणून सांगितली, ती निघाली भाकड. तिसऱ्यांदाही तेच. बारकी खोड तोंड भरून सांगायची आणि मोठी गिळायची. शी! अंगावर पाल पडावी तसा त्यानं मोबाईल खाटेवर फेकला.

हा हलकटपणा याला शिकवला कुणी, असं त्यानं लेकीला विचारलं. तिनं लॅपटॉप उघडून जुने डाव काढले. शिकवणारा एकटा सायमनच होता. चौसष्ट डाव तो खरं बोलला होता. एकदाच, हरत आल्यावर, खेळच तर हाय म्हणून त्यानं गाय बुजरी असल्याचं सांगितलं होतं आणि बंद सडाचं पोटात ठेवलं होतं. तो डाव तो जिंकला होता. सायमनला आठवलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"चौसष्ट येळा खरं बोललो, ते न्हाई व्हय शिकला त्यो?"

"शिकला ना, पप्पा. खरं कधी बोलायचं, ते शिकला."

माझं नाव काढ, सायमन म्हणाला. ती लगेच तयार झाली. नाव काय, दोन मिनिटांत निघेल. शिकलेलं मात्र आता निघायचं नाही, आणि काढायचं तरी कशाला, अख्ख्या कंपनीला हा असला दलालच तर आवडलाय. हे सांगताना ती पडद्याकडे ज्या कौतुकानं बघत होती, तसं तिनं बापाकडे कधी बघितलं नव्हतं. सायमन उठला आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकला.