मेनूतली अकरा नावं

"ताई, तुमचा प्रोग्रॅम चांगलाय हो, पण माझी बोटं झिजली," मुद्रितशोधक म्हणाले. "एका पानाला चाळीस वेळा तीच ती बटणं!"

ब्रेल छापखान्यात पानं जुळवायचा तो प्रोग्रॅम ताईंनी लिहिलेला. बावीस वर्षं त्या तेवढ्या एकाच प्रोग्रॅमची उस्तवार करत होत्या. मुद्रितशोधक जन्मापासून अंध. कॉम्प्युटर मोठ्यानं वाचायचा, ते ऐकून दुरुस्त करायचे. चूक त्यांच्या हातून निसटत नसे, पण वेळ फार जाई. शाळांची पुस्तकं रखडली, तसे व्यवस्थापक म्हणू लागले, "या कामाला डोळस माणूसच नेमू."

"आणखी बटणं करून देऊ का?" ताईंनी विचारलं.

"बटणं नकोत. ती चाळीस कामं एका दमात करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, मी लिहितो, घरी शिकलोय. तुमच्या प्रोग्रॅमनं फक्त तिला हाक मारायची, पान हातात द्यायचं आणि दुरुस्त झालं की परत घ्यायचं."

ताईंना ते जरा लागलंच. त्यांच्या प्रोग्रॅमला आजवर परका हात लागला नव्हता. तरी घरी जाऊन त्यांनी 'स्क्रिप्ट' नावाचा मेनू जोडला.

छापखान्यात मुद्रितशोधकांनी पहिल्यांदा कळ दाबली आणि सगळंच ठप्प. स्क्रीन गोठली, वाचणारा आवाजही गप्प.

"गेलं की काय?"

"नाही हो. तुमची स्क्रिप्ट संपेपर्यंत माझा प्रोग्रॅम हातावर हात ठेवून बसलाय," ताई म्हणाल्या. "तिला वेगळी पळू देते. याचं काम चालूच राहील."

दोन दिवसांनी पुन्हा कळ दाबली. क्षणभरात आवाज म्हणाला, "चाळीस दुरुस्त्या झाल्या." मुद्रितशोधकांनी पान छापून मागवलं, ओळ न् ओळ बोटांनी तपासली आणि असे खदखदून हसले, की शेजारच्या खोलीतून यंत्रावरची माणसं धावत आली.

पुस्तकं शाळा उघडण्याआधी रवाना झाली. डोळस माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

महिन्याभरानं ताई आल्या, तर मेनूत अकरा नावं.

"हा 'हेडमास्तर' कोण?"

"ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. चुकलं की छडी!"

"आणि 'आळशीराम'?"

"तो पानांना नंबर घालतो. मला कंटाळा येतो ना."

उरलेल्या नऊ नावांचा ताईंना काही अंदाज लागेना. त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये त्यांना ठाऊक नसलेलं इतकं काही चाललं होतं, आणि हसू काही आवरत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली.

"शिकवा मला," त्या म्हणाल्या.

मुद्रितशोधकांनी कीबोर्ड दोघांच्या मधोमध सरकवला.