जहाजासाठी ओतलेली घंटा

मी एक जुनी पितळेची घंटा आहे. महाडच्या बाजारपेठेत, अवधूतशेटच्या भांड्यांच्या दुकानाच्या दाराशी मी टांगलेली आहे. मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला देऊळ आठवेल, नाहीतर शाळा. मी त्या दोन्हींसाठी जन्मले नाही. मी एका जहाजासाठी जन्मले. ते जहाज पुरे झालेले मी कधी पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणीच पाहिले नाही. तरीही माझी गोष्ट ऐका. बोलायला मिळेपर्यंत माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि आता गप्प बसण्याची माझी इच्छा नाही.

तेव्हा कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. वीर स्टेशनवर उतरून माणसे रिक्षाने महाडला येऊ लागली होती. आता आपल्या भागाचे दिवस पालटणार, असे जो तो म्हणत होता. त्याच सुमारास बातमी आली की खाडीच्या तोंडाशी असलेली जुनी गोदी पुन्हा सुरू होणार. गोदी म्हणजे जहाजे बांधण्याची जागा. फार पूर्वी तिथे शिडाची मोठी जहाजे बांधली जात. अवधूतशेटचे पणजोबा त्या जहाजांना तांब्याचे पत्रे पुरवत, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आता मुंबईच्या एका कंपनीने गोदी घेतली होती आणि तिला भागधारक हवे होते. कंपनीचा साहेब महाडला आला, दुकानात बसून चहा प्याला आणि म्हणाला, "आम्हाला बडे सावकार नकोत. पणजोबांची आठवण असलेली माणसं हवीत." झाले! अवधूतशेट तिथेच विरघळले.

त्यांची मुलगी देवश्री पुण्याला शिकायला जाणार होती. तिच्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यांनी गोदीत घातले. पहिले जहाज पाण्यात उतरले की तिला पुणेच काय, हवे तिथे पाठवू, असे ते म्हणाले. त्यांची पत्नी कालिंदी काही बोलणार होती, पण त्यांचा फुललेला चेहरा पाहून ती गप्प राहिली.

अवधूतशेटच्या तागडीवर पंचक्रोशीचा विश्वास होता. पोलादपूरच्या डोंगरातली माणसे लग्नाची भांडी घ्यायला त्यांच्याकडेच येत. भांडी बांधून देता देता ते गोदीची गोष्ट सांगू लागले. ऐकणारा शेटच्या डोळ्यांकडे बघे आणि हो म्हणे. त्या डोंगरातल्याच येसाजीने गोदीत पैसे घालायला एक बैलजोडी विकली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या चंद्राबाईंनी दुभती म्हैस विकली. अशी बरीच माणसे आली. ती कंपनीला ओळखत नव्हती, ती शेटला ओळखत होती. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढे सगळे याच्यावरच येऊन अडले.

मग शेटच्या डोक्यात आले की पहिल्या जहाजाची घंटा आपल्या माणसांनी द्यायची. प्रत्येकाने घरातले एक पितळेचे भांडे आणायचे. कोणी पराती आणल्या, कोणी समई, कोणी पोचे आलेली घागर. येसाजीने बापाचा डबा आणला. चंद्राबाईंनी आपल्या आईचा तांब्या आणला. देताना त्यांनी तो पदराने पुसला, एकदा छातीशी धरला आणि शेटच्या हातात ठेवला.

ओतारी म्हणाला, "शेट, हे भांड्यांचं पितळ हाय. घंटेचा आवाज घुमाया पाहिजे तं थोडं कथील घालू?"

"नको," शेट म्हणाले. "हिच्यात फक्त माझ्या माणसांचं पितळ जाईल."

ओताऱ्याच्या भट्टीत पराती गेल्या, समई गेली, डबा गेला, तांब्याही गेला. सगळे एकमेकांत मिसळले आणि मी झाले. मला घासूनपुसून दुकानात आणले तेव्हा शेटनी लाल फडके घेतले आणि माझ्या लोलकाला, म्हणजे माझ्या जिभेला, घट्ट गुंडाळून गाठ मारली. "जहाज पाण्यात उतरेल तेव्हाच हिचा पहिला टोल," ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. जन्मल्यापासून मी हूं की चूं केले नव्हते, आणि आता तर तोंडच बांधले.

तरी ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. गल्ल्याच्या वर मी लटकत असे. शेट दर आठवड्याला मला चिंचेने घासत. दुकानात येणारा प्रत्येक भागधारक मला हात लावून जाई आणि कुठल्या बाजूला आपले भांडे असेल ते शोधी. चंद्राबाईंनी तर माझ्या काठाजवळची एक जागा ठरवूनच टाकली होती. तिथे बोट ठेवून त्या म्हणत, "हितं हाय बघ माजी आय."

साधारण वर्षाने कंपनीने सगळ्यांना गोदी पाहायला बोलावले. टेम्पो ठरला. चंद्राबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. रस्ताभर माणसे गात होती, भाकऱ्या वाटून खात होती. गोदीवर मांडव होता, झेंडूचे हार होते, साहेबाचे भाषण होते. आणि मांडवामागे जहाजाचा सांगाडा उभा होता. उंच वाकलेल्या लाकडी फासळ्या बघून माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

त्या फासळ्यांवर दुधीचा वेल चढला होता.

हो, दुधीचा. राखणदाराच्या बायकोने खाली बी टोकले होते आणि वेल मजेत वरपर्यंत पोचला होता. पानांआड दुधी लोंबत होते. जिथे सुतार रोज काम करतात तिथे वेल इतका वर कसा जाईल? खिळ्यांवर गंज होता, लाकडाच्या भुशाचा कुठे मागमूस नव्हता. हे सगळे सगळ्यांना दिसत होते. कालिंदी हळूच म्हणाली, "अहो, इथं बऱ्याच दिवसांत कोणी हातोडा मारलेला दिसत नाही. साहेबांना विचारू का?"

शेट दचकले. "अगं, टोकू नकोस! शुभ कामात कुणी असं विचारतं का?"

मित्रांनो, आपल्याकडे माणूस कामाला निघाला की त्याला "कुठे?" म्हणून विचारत नाहीत. विचारले की टोकले म्हणतात, आणि टोकले की काम बिघडते म्हणतात. कालिंदीने ओठ मिटले. येसाजी वेलाकडे बघून खाली बघू लागला. चंद्राबाईंनी दोन कोवळे दुधी तोडून पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "फलाला आलंय. शकुन चांगला हाय." सगळे हसले आणि टेम्पोत बसले.

त्यानंतर कंपनीकडून काही कळेना. शेट फोन करत, फोन वाजत राही. पुढे तो वाजेनासाही झाला. एक दिवस शेट वीरला जाऊन मुंबईची गाडी पकडून गेले. परत आले ते रिकाम्या हातांनी, आणि दुकानाच्या पायरीवर बसले. कंपनीच्या जागी आता दुसऱ्याच कोणाचे ऑफिस होते. तिथल्या माणसाने गोदीचे नावही ऐकले नव्हते. हे त्यांनी फक्त कालिंदीला सांगितले. दुकानात येणाऱ्यांना ते म्हणत, "काम जरा लांबलंय."

काय सांगू तुम्हाला, तो काळ फार वाईट होता. शेट खोटे बोलायला लागले होते आणि त्यांना ते जमत नव्हते. चंद्राबाई दिसल्या की ते मागच्या खोलीत जाऊन उभे राहत. देवश्री पुण्याला गेली नाही. ती गल्ल्यावर बसू लागली आणि बापाला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. शेट माझ्याकडे टक लावून बघत बसत. त्यांच्या मनातले जहाज मात्र अजून बुडायला तयार नव्हते. गोदीच्या फाटकाला कुलूप आहे हे कळल्यावरसुद्धा ते कालिंदीला म्हणाले, "कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी आहे." तेव्हा ती माउली भिंतीकडे तोंड करून रडली. मला कोणी घासेना. मी काळी पडले, माझ्या आत कोळ्याने जाळे केले. लाल फडके विटून मातकट झाले, पण गाठ सुटली नाही.

अखेर बोभाटा झालाच. एका दुपारी येसाजी आणि बरीच माणसे दुकानात आली. त्या दिवशी शेट मागच्या खोलीत गेले नाहीत.

"शेट, पैशाचं आमाला कललं," येसाजी म्हणाला. "ते गेलं. पर ही घंटा तं हितं हाय. ही आमची भांडी हाईत. ती आमाला परत द्या."

चंद्राबाई पुढे झाल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. "माजी म्हस जाऊ दे रे बाबा. मना काय नको. माज्या आयेचा तांब्या तेवडा दे."

शेटनी माझ्याकडे पाहिले. तांब्या कुठून देणार? तांब्या परातीत होता, परात डब्यात होती, डबा समईत होता. मीच मला वेगळे करू शकत नव्हते. शेट उठले आणि आतून घण घेऊन आले. "फोडा," ते म्हणाले. "तागडी इथंच आहे. प्रत्येकाला तुकडा मोजून देतो. मग आम्ही महाड सोडून जातो. मला इथं तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही."

त्यांनी मला आकड्यावरून काढले आणि फरशीवर आडवे ठेवले. येसाजीने घण हातात घेतला. मित्रांनो, मला मरणाची भीती वाटली नाही. मला एवढेच वाटले की एक शब्द न बोलता मी जन्मले आणि एक शब्द न बोलता मी चालले.

"थांबा," कालिंदी म्हणाली. "फोडायचीच असेल तर एकदा वाजवा तरी. ती कशी वाजते, कुणालाच माहीत नाही."

"जहाज उतरल्याशिवाय..." शेट सवयीने बोलून गेले आणि थांबले.

कालिंदी त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने मला उचलून पुन्हा आकड्याला लावले. गाठ बोटांनी सुटेना म्हणून दातांनी सोडवली. माझा लोलक मोकळा झाला. तिने तो धरला आणि पूर्ण जोर लावून वाजवला.

ठण्ण!

बस्स, एवढेच. माझा आवाज घुमला नाही, लांबवर गेला नाही. देवळातल्या घंटेसारखा कोणाच्या छातीत उतरला नाही. स्वयंपाकघरात फळीवरून भांडे पडावे तसा तो आवाज होता. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. याच्यासाठी मी इतकी वर्षे थांबले होते?

मग चंद्राबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटले त्या हसतात, पण त्या रडत होत्या. खरे म्हणजे दोन्ही करत होत्या. "गो बाय," त्या म्हणाल्या, "ह्यो माज्या आयेचा तांब्या हाय! असाच पडायचा गो तिच्या हातून. हात कापायचं तिचं. पडला की म्हणायची, चंद्रे, उचल."

येसाजीने घण हळूच फरशीवर टेकवला, जवळ येऊन स्वतः एकदा मला वाजवले आणि कान देऊन ऐकत राहिला. त्याला त्यात बापाचा डबा ऐकू आला असावा. एकेक जण पुढे आला. मी सगळ्यांसाठी वाजले.

मग अवधूतशेट बोलू लागले. पायरीवर बसून, मान खाली घालून त्यांनी सगळे सांगितले. मुंबईचे दुसऱ्याचे ऑफिस, फाटकाचे कुलूप, "काम लांबलंय" म्हणून मारलेल्या थापा. "त्या दिवशीच मला वेल दिसला होता," ते म्हणाले. "हिनं विचारते म्हटलं तर मी हिला गप्प केलं. तुम्हाला मी बुडवलं."

"येल मीबी बघितला व्हता, शेट," येसाजी म्हणाला.

चंद्राबाईंनी डोळे पुसले. "दुधी तं मी खाल्ला," त्या म्हणाल्या.

माझी गोष्ट इथे गोड करून सांगता आली असती, पण मी तसे करणार नाही. बैलजोडी परत आली नाही. म्हैस आली नाही. देवश्रीचे पुणे राहिले ते राहिलेच. काही माणसे त्या दिवसानंतर दुकानाची पायरी चढली नाहीत, आणि शेटनी त्यांना कधी दोष दिला नाही. पण महाड त्यांनी सोडले नाही. ज्यांनी मला वाजवले त्यांनी मला फोडले नाही. मला गल्ल्यावरून काढून दाराशी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाताला येईल असे टांगले. चंद्राबाई बाजाराला आल्या की आधी मला वाजवतात आणि मग पिशवी खाली ठेवतात. अजूनही एखादा माणूस दुकानात येऊन सांगतो की अमुक ठिकाणी मोठी कंपनी येते आहे आणि तो तिच्यात पैसे लावतो आहे. मग कालिंदी उठते, मला एक टोल देते आणि सगळ्यांसमोर त्याला विचारते, "तू स्वतः जाऊन पाहिलंस का? तिथं वेल कशावर चढलाय?" अवधूतशेट आता तिला थांबवत नाहीत.

मित्रांनो, मी जहाजावर चढले नाही, समुद्रात गेले नाही. आता मला त्याची आसही नाही. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला चिंचेने घासले नाही तरी चालेल, पण माझा लोलक पुन्हा कोणी बांधू नका. आणि घरात, दुकानात, मांडवात कोणी काही विचारायला तोंड उघडले, तर त्याला "टोकू नकोस" म्हणू नका. तुम्हालाही काही खटकले तर तिथल्या तिथे विचारा. आवाज पडलेल्या भांड्यासारखा आला तरी चालेल.