निळी उडी

अर्धांगवायूनं धम्मदीपचा उजवा हात लुळा पडला, त्याला तीन महिने झाले होते. बोटं रोज हलवली नाहीत तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचं नाव काढलं की हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याची धाकटी बहीण प्रांजली विनवून थकली, रुसून थकली. शेवटी तिनं लहानपणीचा व्हिडिओ गेम शोधून काढला. जुने गेम चालवणारा एम्युलेटर लॅपटॉपवर घेतला, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि हौसेनं चित्र पडदाभर ताणून चकचकीत करून ठेवलं.

धम्मदीपनं दोन मिनिटं पाहिलं आणि कंट्रोलर मांडीवरून सारला.

"ह्यो आपला न्हाय."

"तोच हाय, दादा. नाव बघ की."

"आपल्यातला माणूस उडी मारली की निळा व्हायचा."

प्रांजली आधी चिडली आणि मग तिला आठवलं. तळा गावातल्या जुन्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. बाबांनी माणगावच्या बाजारातून रंगीत प्लास्टिकचा पडदा आणून त्यावर लावला होता. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. बातम्या देणारी बाईसुद्धा गळ्यापर्यंत निळी दिसायची, आणि घरच्यांची ऐट अशी की जणू गावात पहिला कलर टीव्ही त्यांचाच.

ती सेटिंग्ज उघडून बसली. रंग शून्यावर आणले. ताणलेलं चित्र पुन्हा चौकोनी केलं. आडव्या बारीक रेघा चालू केल्या, कडा पुसट केल्या. मग फोनवर तीन रंगांचे पट्टे जोडून त्यांचं पारदर्शक चित्र गेमवर चढवलं. निळा पट्टा तीनदा खालीवर सरकवावा लागला. दुपार उतरत गेली. खोलीत निळाहिरवा उजेड पसरला आणि भिंती, पलंग, दादाचा चेहरा, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. त्या उजेडात प्रांजलीला आपण किती वर्षांच्या आहोत हेच कळेना.

धम्मदीप उठून बसला.

तिनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला, उजवं मनगट खालून धरलं आणि अंगठा बटणावर टेकवला. माणूस हिरव्या गवतातून चालत गेला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा अंगठा कसाबसा दबला, माणूस वर उडाला आणि निळा झाला.

"हात सोड," धम्मदीप म्हणाला.

तिच्यानं सोडवेना. मनगट पडलं तर हा परत भिंतीकडे वळेल, अशी तिला भीती होती.

"सोड गं, प्रांजू."

तिनं सोडला. मनगट जरा खाली झुकलं, पण पडलं नाही. पुढचा खड्डा जवळ आला तेव्हा ती टीव्हीकडे बघतच नव्हती. अंगठा खाली गेला आणि आपला आपण वर आला.