पातळ केलं तरी न सुटणारा मंत्र

अण्णा नगरातल्या त्या एसी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर स्वामी, कापराचा दाट धूर आणि मागे पडद्यावर रेणूंतले बंध दाखवणाऱ्या इन्फ्रारेड यंत्राचा आलेख. हवेतून विभूती काढणाऱ्या बाबाला हसणारे इंजिनिअर आलेखापुढे मात्र हात जोडून बसले होते. माझं डोकंच फिरलं.

"हे साधं खोबरेल. इथे रेघ सपाट," आलेखावर बोट ठेवत स्वामी म्हणाले. बाटलीवर रेशमी कापड टाकून ते पुटपुटले, कापडाखालून बाटली काढली आणि थेंब यंत्रात घातला. सपाट रेघेवर उंचवटा उमटला. "मंत्रानं रेणूत बंध बांधला! आता कितीही पातळ करा, सुटणार नाही."

पातळ केलं. उंचवटा जागचा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या घराशेजारच्या धनलक्ष्मीअम्मा बाजूलाच बसल्या होत्या. मांडीवरच्या तापलेल्या नातवासाठी त्यांनी स्वामींनी दिलेल्या तेलाचा चमचा भरला होता. मी त्यांचं मनगट धरलं.

"अम्मा, देऊ नका! विष आहे."

"अय्यो! स्वामी म्हणाले की, लेंकराचा ताप उतरतो..."

श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात मी रंग तपासते, याच यंत्रावर. अम्मांनी सकाळी मला कंबरेला लावायला हेच तेल दिलं होतं. दुपारी ते तपासलं आणि तशीच धावत आले होते. चमचा अम्मांच्या हातातच होता. मी व्यासपीठावर चढले आणि माइक ओढून घेतला.

"आलेख खरा आहे, हा माणूस खोटा आहे! हे विंटरग्रीनचं तेल. दुखऱ्या गुडघ्याला चोळतात ते. त्याच्या रेणूत हायड्रोजनचा बंध जन्मापासून असतो. शेजारच्या रेणूशी असता, तर पातळ केल्यावर सुटला असता आणि उंचवटा सरकला असता. हा रेणूच्या आतला आहे. गर्दी पांगली म्हणून कुणाची हाताची घडी सुटते का? दुकानातल्या तेलाचाही आलेख काढला मी, अगदी हाच आला. तिथे मंत्र कुणी म्हटला होता?"

"श्रद्धा नसलेल्यांना..." स्वामींनी सुरू केलं.

मी कापड ओढलं. खाली खोबरेलाची बाटली तशीच उभी होती. यंत्रात गेलेलं तेल दुसऱ्याच बाटलीतलं होतं, आणि त्याचा वास लपवायला कापूर जाळला होता.

"एवढं चमचाभर तेल लहान मुलाचा जीव घेतं," मी ओरडले.

अम्मा नातवाला कडेवर घेऊन पुढे आल्या. त्यांनी चमचा स्वामींच्या तोंडाशी नेला.

"घ्या की स्वामी. लेंकराला द्यायला सांगितलं, तुम्ही घ्या आधी."

स्वामी दोन पावलं मागे सरले. अम्मांनी चमचा त्यांच्या पायाशी फेकला आणि नातवाला घेऊन थेट दवाखाना गाठला.

राग मला स्वामीपेक्षा त्या टाळ्यांचा आला. इतकी शिकलेली माणसं, आणि बाटली तीच होती का, हे एकानंही विचारलं नाही. यंत्र समजत नसेल तर नसू द्या. एवढं तरी विचारा.